शब्द अडला तर अडू द्या

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. अंबिया बहाराची संत्री झाडावर रंगात आली होती आणि व्यापारी बगीचा पाहायला आला होता. बाबा तापानं पडलेले, म्हणून सौद्याला मी उभा. घरून ठरवून निघालो होतो की दोन लाख पस्तीस हजारांच्या खाली यायचं नाही. व्यापाऱ्यानं ओळींच्या मधून फिरून झाडं पाहिली, दोन फळं तोडून साल दाबून पाहिली आणि विचारलं, "बोला भाऊ, किती म्हणता?" 'दोन लाख' इथवर नीट आलं. पुढचा 'प' ओठांत अडकला. ओठ आवळले गेले, आवाज बंद, मानेच्या शिरा ताणलेल्या. तो माणूस माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि त्याच्यासोबतचा पोरगा हसू दाबत होता. तीन-चार सेकंद गेले असतील. मग मी म्हटलं, "तीस." तो शब्द सरळ आला. सौदा झाला. घरी सांगितलं, बाजार पडला आहे.

ते पाच हजार रुपये अडखळण्यानं गेले नाहीत. मी 'प-प-पस्तीस' म्हटलं असतं तर व्यापारी फार तर दोन सेकंद थांबला असता. पैसे गेले ते अडखळणं लपवण्यापायी. हे समजायला मला पुढची सात वर्षं लागली. तुमची किंवा तुमच्या लेकराची तेवढी वर्षं जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

आपल्याकडे बोलण्याच्या सगळ्या तक्रारींना एकच शब्द वापरतात: तोतरा. खरं तर 'र'च्या जागी 'ल' म्हणणारं मूल बोबडं असतं, तोतरं नसतं. बोबड्या मुलाला तो ध्वनी अजून जमत नाही. अडखळणाऱ्याला सगळे ध्वनी येतात, काय बोलायचं तेही पक्कं माहीत असतं, फक्त नेमक्या वेळी शब्द बाहेर पडत नाही. हे तीन तऱ्हांनी होतं. एक, अक्षर पुन्हा पुन्हा येतं: का-का-काकू. दोन, अक्षर ताणलं जातं: स्स्स्संत्रा. तीन, आवाजच बंद होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा बोलायला लागलाच नाही. तिसरी तऱ्हा सगळ्यात जास्त थकवते. त्यातून सुटायला माणूस डोळे मिटतो, मांडीवर हात आपटतो, 'म्हणजे', 'ते काय' असे शब्द आधी लावतो. हळूहळू त्या सवयीही चिकटतात आणि मूळ अडखळण्यापेक्षा जास्त उठून दिसतात.

शंभरातल्या साधारण पाच मुलांना लहानपणी कधीतरी हा त्रास होतो. सुरुवात बहुतेक दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान, मूल लांब वाक्यं बोलू लागतं तेव्हा होते. त्यांतल्या तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त मुलांचं पुढे आपोआप किंवा थोड्या मदतीनं सुटतं. मोठ्या माणसांत शंभरातला एक उरतो, आणि त्यात बायांपेक्षा पुरुष जवळपास चौपट. म्हणजे आमच्या वरूडच्या कोणत्याही बऱ्याशा शाळेत असं एखादं पोरगं नक्की बसलेलं आहे. बहुधा ते शेवटच्या बाकावर असतं.

कारण काय, हे घरोघरी विचारलं जातं आणि उत्तर बहुतेक वेळा आईच्या माथी मारलं जातं. गरोदरपणी घाबरली, लेकराला मारलं, दुसऱ्या तोतऱ्याची नक्कल करू दिली. यातलं काही खरं नाही. बोलण्याची आखणी आणि वेळ सांभाळणारी मेंदूतली जुळणी अडखळणाऱ्यांत थोडी वेगळी असते, हे मेंदूच्या चित्रणांतून दिसलं आहे. ते घराण्यातही चालतं. 2010 साली अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी संबंधित जनुकं दाखवून दिली. भीती, घाई, ताण यांनी अडखळणं वाढतं, जन्माला येत नाही. बुद्धीशी तर त्याचा काडीचा संबंध नाही.

माझ्या आजीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं, पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घातला. तिची माया खरी होती, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही. पण काही गोष्टींबद्दल बोललंच पाहिजे. जिभेखालची शीर कापून अडखळणं जात नाही. ती शीर आखूड असेल तर काही उच्चारांना अडचण येते, तो प्रश्न वेगळा. आणि तोंडात खडे किंवा गोट्या धरून बोलायचा सराव लहान मुलाकडून मुळीच करून घेऊ नका, गोटी घशात अडकून जीव जाऊ शकतो. एकवीस दिवसांत पूर्ण बरं करण्याची हमी देणाऱ्यांकडे पैसे भरू नका. अडखळणं कायमचं घालवणारी गोळी अजून निघालेली नाही.

एक गोष्ट मला लहानपणापासून कोड्यात टाकायची. आमच्या गावात संध्याकाळी श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव रुजवलेली. सतरंजीवर पंचवीस-तीस लोक, मी बाबांच्या मांडीला लागून. त्या प्रार्थनेत माझी जीभ एकदाही अडली नाही. शाळेत 'हजर' म्हणताना ज्या 'ह'वर माझा श्वास कोंडायचा, तोच 'ह' तिथे पाण्यासारखा वाहून जायचा. भजनात अडलो नाही, बैलाशी बोलताना अडलो नाही. लोक म्हणायचे, "पाहा, मनावर घेतलं तर जमते याले." मनावर घेण्याचा प्रश्न नव्हता. अनेकांच्या आवाजात आवाज मिसळून बोलताना, गाताना, एकट्यानं किंवा जनावराशी बोलताना जवळपास प्रत्येक अडखळणाऱ्याची वाचा मोकळी होते. बाहेरून लय मिळाली, किंवा ऐकून पारख करणारं माणूस समोर नसलं, की मेंदूवरचा भार हलका होतो, असं त्याचं साधं स्पष्टीकरण. म्हणून 'गाताना येते तर बोलताना काहून येत नाही?' असं कोणत्याही लेकराला विचारू नका. त्याच्याकडे उत्तर नसतं आणि ते स्वतःलाच खोटारडं समजू लागतं.

लेकरू लहान असेल तर

तीन-चार वर्षांचं मूल अडखळू लागलं तर पहिल्या आठवड्यात धावपळ करायची गरज नाही, पण 'मोठं झालं की सुटते' म्हणून वर्षानुवर्षं थांबणंही चूक. सहा महिने उलटले तरी चालूच आहे, घराण्यात कोणी मोठेपणीही अडखळतं, साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं आहे, बोलताना तोंड वाकडं होतं किंवा आवाज बंद पडतो, मूल बोलणंच टाळू लागलं आहे, यातलं काहीही दिसलं तर तज्ज्ञाला दाखवा. शाळेत जायच्या आधीच्या वयात उपचार सगळ्यात चांगले लागू पडतात. (मोठ्या माणसाला अचानक अडखळायला लागलं तर ती वेगळी गोष्ट. पक्षाघात, डोक्याला मार, एखादं औषध असं कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

घरी काय करायचं? आपण बहुतेक जण करतो ते थांबवायचं, हे पहिलं. "सावकाश बोल", "दम घे", "आधी विचार कर, मग बोल" हे सल्ले प्रेमाचे असतात, पण मुलाला ऐकू येतं एवढंच की मी चुकीचं बोलतो. त्याचा शब्द आपण पूर्ण करणं हेही तसंच. पाहुणे आले की "कविता म्हणून दाखव" हा आग्रह सोडा.

मुलाला हळू बोलायला सांगण्यापेक्षा तुम्ही हळू बोला. त्याचं वाक्य संपल्यावर लगेच उत्तर न देता एक क्षण जाऊ द्या. एकामागून एक प्रश्न विचारू नका. 'शाळेत काय झालं? डबा खाल्ला? कोणी मारलं?' याऐवजी 'आज डब्यात भेंडी होती नं' एवढंच म्हणा आणि थांबा, त्याला बोलायचं असेल तर ते बोलेल. जेवताना घरात चारजण एकदम बोलत असतील तर पाळी ठरवा. आणि दिवसातून पाच मिनिटं, फोन बाजूला ठेवून, त्याच्या एकट्यासोबत बसा. आमच्या शेजारच्या एका बापाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मले वावरातून यालेच आठ वाजते." मग त्यानं झोपायच्या आधीची पाच मिनिटं काढली. पोरगं अडलं की तो तोंडाकडे न पाहता डोळ्यांकडे पाहतो आणि म्हणतो, "सांग बाप्पा, आयकून रायलो मी." याहून चांगलं वाक्य मला कोणत्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

अडखळण्याचा विषय घरात निषिद्ध ठेवू नका. शब्द फारच अडला आणि मूल रडवेलं झालं, तर "अडकला नं शब्द? होते असं, काही बिघडत नाही" एवढं साधं बोला. मूल आधीच जाणून असतं. घरातले सगळे गप्प राहिले की त्याला वाटतं, ही लाजेची गोष्ट आहे.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेली लिडकोम पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात उपचार आई-बाप करतात आणि तज्ज्ञ दर आठवड्याला त्यांना शिकवतो. रोज दहा-पंधरा मिनिटं खेळता खेळता, मूल मोकळं बोललं की कौतुक करायचं, आणि क्वचित, अगदी हलक्या शब्दांत, अडलेला शब्द पुन्हा म्हणायला सुचवायचं. कौतुक खूप जास्त, सुचवणं अगदी थोडं. मुलाचं बोलणं रोज कसं होतं त्याला अंक देऊन वहीत लिहायचं. ऐकायला सोपी वाटली तरी ती तज्ज्ञाशिवाय करू नका. प्रमाण चुकलं तर कौतुकाची टोचणी होते. आपल्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की व्हिडिओ कॉलवरून दिलेली ही थेरपी प्रत्यक्ष भेटीइतकीच उपयोगी ठरल्याचं अभ्यासात दिसलं आहे. दर आठवड्याला एसटीनं जाणं-येणं म्हणजे एक मजुरी आणि एक शाळा बुडणं, हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत कळेल.

मोठ्यांसाठी

मी सव्वीस वर्षांचा असताना नागपूरला एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणकोणते शब्द बोलत नाही?" मला वाटलं होतं त्या जिभेचे व्यायाम देतील. मी यादी सांगत गेलो आणि ती दोन पानं झाली. अमरावतीच्या बसस्टँडवर मोर्शीला जायचं असताना 'म' अडतो म्हणून मी वरूडचं तिकीट काढायचो आणि मोर्शीला उतरायचो. हॉटेलात पोहे हवे असताना चहा पिऊन उठायचो. मित्राच्या नावानं हाक मारायची टाळून त्याच्याजवळ चालत जायचो. बाई म्हणाल्या, आपल्याला याच्यावर काम करायचं आहे.

संत्र्याच्या झाडाची पानं पिवळी पडली की जाणता शेतकरी नुसतं पानांवर फवारत बसत नाही, बुंध्याशी वाकून डिंक्या लागला का ते पाहतो. अडखळण्याचंही तसंच आहे. लोकांना ऐकू येतं ते पान. लाज, भीती, टाळाटाळ हे सगळं बुंध्याशी. म्हणून चांगला उपचार दोन्हीकडून चालतो.

बोलण्याच्या तंत्रांपैकी काही प्रत्येकाला समजतील अशी आहेत. स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दाला, समजा 'अमरावती'ला, आधी थोडा श्वास सुटू द्यायचा आणि त्याच्यावर आवाज अलगद ठेवायचा. 'प', 'ब', 'म' या अक्षरांना ओठ दाबायचे नाहीत, नुसते टेकवायचे. आरशासमोर 'पपई' म्हणून पाहा. आधी ओठ घट्ट दाबून, मग पापणी मिटावी तितक्या हलक्यानं. दोन्हींतला फरक हाताला नाडी लागावी तसा लागतो. लांब वाक्याचे अर्थाप्रमाणे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याआधी थांबायचं. थांबणं हा बोलण्याचाच भाग आहे. चांगला कीर्तनकार किती थांबतो ते ऐका.

दुसरी वाट अमेरिकेतल्या चार्ल्स व्हॅन रायपर यांची. ते स्वतः अडखळायचे. अडखळायचंच असेल तर सोपं अडखळा, असं त्यांचं सांगणं. ते तीन पायऱ्यांनी शिकायचं. आधी, शब्द अडून बाहेर पडला की क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. ते जमलं की, शब्द अडलेला असतानाच, धक्का न देता, ताण सोडत त्यातून बाहेर यायचं. आणि शेवटी, अडणार असं वाटलं की सुरुवातीपासूनच तो शब्द सैल धरायचा. क्रम उलटा करू नका. मी घाईनं तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती आणि दोन महिने वाया घालवले.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणकारी निघालं ते मुद्दाम अडखळणं. बाईंनी सांगितलं, बाजारात जाऊन ज्या शब्दावर अडत नाही त्यावर मुद्दाम अडखळा. मी वरूडच्या बाजारात भाजीवालीला विचारलं, "सां-सां-सांभार कसा दिला?" कान तापले होते. ती म्हणाली, "दहाची जुडी, दोन घेशीन तं पंधरा." बस, इतकंच. ज्या प्रसंगाला मी पंधरा वर्षं घाबरत होतो त्यात काहीच नव्हतं.

भीतीच्या प्रसंगांची शिडी करा. खालच्या पायरीवर घरच्यांशी फोन, मग किराणा दुकान, मग बसमध्ये कंडक्टरला खऱ्या गावाचं नाव, मग अनोळखी नंबरवर फोन, वरच्या पायरीवर ग्रामसभा किंवा मुलाखत. एक पायरी पुन्हा पुन्हा करून कंटाळा येईपर्यंत वर जायचं नाही. आणि मोठ्या प्रसंगात पहिल्याच वाक्यात सांगून टाका, "मी बोलताना अडखळतो, थोडा वेळ लागेल." आवाजात विनंती नको, माहिती द्यावी तसं. समोरचा माणूस सैलावतो आणि लपवायला काही उरत नाही. मुलगी पाहण्याच्या वेळी तर हे नक्की सांगा, मुलगा असो की मुलगी. मुलींचं अडखळणं आपल्याकडे जास्त दडवतात, "तू फक्त मान हलव" म्हणून सांगतात. त्या पोरीनं मग सासरी किती वर्षं मान हलवायची?

अडखळणं परत येतं, हेही ऐकून ठेवा. चार महिने छान जातात आणि मग एखादा आठवडा असा येतो की स्वतःचं नाव निघत नाही. उपचार फसला असं नाही, त्याची ही चालच आहे. हृतिक रोशनसारखा माणूस इतक्या वर्षांनंतरही बोलण्याचा सराव करतो, असं त्यानं उघडपणे सांगितलं आहे.

जायचं कुठे

बीएएसएलपी ही वाचा-श्रवणशास्त्राची पदवी किंवा त्यापुढची पदवी असलेल्या व्यक्तीकडेच जा. अशा तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांना मुलाचं अडखळणं आपणहून सांगा, कारण दोन मिनिटांच्या तपासणीत ते दिसेलच असं नाही. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, त्याची चौकशी करा. नागपूरला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं समेकित क्षेत्रीय केंद्र आहे, आणि वरूडहून नागपूर काही अमरावतीपेक्षा फार लांब नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून हेच काम करते. पहिली भेट समोरासमोर, पुढच्या बऱ्याचशा व्हिडिओवर, असं होऊ शकतं का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या.

उपचाराच्या जोडीला आपल्यासारख्या माणसांची सोबत लागते. देहरादूनचे डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव स्वतः अडखळणारे. त्यांच्या पुढाकारानं 2008 साली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, म्हणजे टीसा, उभी राहिली. तिचे स्वमदत गट शहरांत आहेत आणि ऑनलाइन बैठकाही होतात. वीस माणसं अडखळत बोलतात आणि कोणी हसत नाही, अशी खोली मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला बराच वेळ बोलता आलं नाही, आणि त्याचं कारण अडखळणं नव्हतं.

प्रमाणपत्राबद्दल एक खुलासा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढल्यानं किंवा मेंदूच्या आजारानं आलेल्या कायमच्या दोषाची आहे. नेहमीचं अडखळणं त्यात सहसा बसत नाही. 'प्रमाणपत्र काढून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

गुरुजी आणि मॅडम, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. हजेरीला हात वर केला तरी चालेल असं सगळ्या वर्गाला सांगा, त्या एकट्याला नव्हे. आणि धडा वाचायची पाळी त्याची आली की त्याच्यासोबत आणखी एकाला वाचू द्या, प्रार्थनेसारखं, दोघांचा आवाज मिळून. पाळी वगळू नका. मला एका शिक्षकांनी वर्षभर वगळलं होतं, दया म्हणून. माझ्या बाकापर्यंत वाचन आलं की ते पुढच्या मुलाचं नाव घ्यायचे, आणि सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे पाहायचा.

तज्ज्ञाकडे जायच्या आधी एक काम करा. दवाखान्यात गेलं की पुष्कळ मुलं अर्धा तास अगदी मोकळी बोलतात आणि आई-बाप खोटे पडतात. म्हणून घरी, अंगणात, भावंडांशी भांडताना, मुलाला न सांगता फोनवर दहा मिनिटांचे दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवा. एक चांगल्या दिवसाचा आणि एक वाईट दिवसाचा. कधी सुरू झालं, घरात आणखी कोण अडखळतं, हे कागदावर लिहून सोबत घ्या.